इंजिन बदललंत? टायमिंग लावूनच गाडी बाहेर काढा

रत्नागिरीत जुनी ओम्नी अजून राबते आहे. कुणी तिच्यातून आंब्याच्या पेट्या नेतं, कुणी गणपतीला आलेल्या चाकरमान्यांना स्टेशनवरून घरी सोडतं. कंपनीनं २०१९ मध्ये ती बनवणं थांबवलं. त्यामुळं इंजिन बसलं की लोक वापरलेलं इंजिन शोधतात. त्यात वावगं काही नाही.

घेताना मात्र डिपस्टिक ओढून बघा. तेल दुधासारखं दिसलं तर त्यात पाणी गेलं आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळूणात वाशिष्ठीच्या पुरात गाड्या बुडाल्या, ते आपण विसरलेलो नाही. बुडालेलं इंजिन बाहेरून पुसलं की छान चकचकीत दिसतं.

आता मुद्द्याचं. इंजेक्शनवाल्या बऱ्याच ओम्नींत पूर्वीच्या डिस्ट्रिब्युटरच्या जागी कॅम सेन्सर असतो. इंजिन फिरताना कुठल्या जागी आहे, ते तो कॉम्प्युटरला सांगतो. ठिणगी कधी पडायची ते, म्हणजेच टायमिंग, त्यावर ठरतं. बोल्ट ढिला केला की हा सेन्सर थोडा फिरतो, आणि घोळ इथंच होतो.

तो पुढं सरकला तर चढावर इंजिन खडखडतं आणि पिस्टनला मार बसतो. मागं राहिला तर गाडी ओढत नाही, तापते, पेट्रोल पिते. मारुती मंदिराच्या सपाटीवर यातलं काही जाणवत नाही. जाणवतं ते आंबा घाटात, पेट्या भरलेल्या असताना.

म्हणून मिस्त्रींना गोडीनं सांगा, “टायमिंग गन लावूनच करा.” कानानं ऐकून टायमिंग लावणारे जुने मिस्त्री हुशार होते, पण तेव्हा गाडी कार्ब्युरेटरची होती. इथं तुम्ही सेन्सर फिरवता आणि कॉम्प्युटर आपल्या परीनं टायमिंग बदलत राहतो. कानाला काय कळणार?

तुम्ही जवळ थांबा. आधी इंजिन चांगलं गरम होऊ द्या. दिवे, पंखा बंद करा. स्कॅनर जोडून कॉम्प्युटरचं टायमिंग स्थिर करायला सांगा. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळं सीट उचलली की सगळं डोळ्यांसमोर असतं. गनचा चिमटा पहिल्या सिलिंडरच्या वायरला लावतात. तिच्या उजेडात पुलीवरची खूण जागच्या जागी थांबल्यासारखी दिसते. किती अंशांवर हवी ते त्या मॉडेलच्या पुस्तकात बघायचं, अंदाजानं नाही. सेन्सर केसभर फिरवायचा, बोल्ट आवळायचा आणि पुन्हा बघायचं. आवळताना तो हलतो, म्हणून हे दुसऱ्यांदा बघणं सोडू नका.

जमलं की सेन्सर आणि इंजिन यांवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून घ्या. पुढं कुणी सेन्सर काढला तरी जागा सापडेल. दुसरं इंजिन बसवलं, तर मात्र ही रेघ उपयोगाची नाही.

नव्या गाड्यांत क्रँक सेन्सर ठरलेल्या जागीच बसतो. तिथं कुणी त्याच्या बोल्टचं भोक कानशीनं वाढवायला लागलं तर थांबवा. त्याऐवजी हा सेन्सर वाचतो ती नव्या इंजिनाची दात्यांची चकती तुमच्या गाडीच्या कॉम्प्युटरला चालते का, ते विचारा. सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटला असेल तर पुसून घ्या. आपल्या खाऱ्या हवेत सेन्सरच्या वायरच्या प्लगच्या पिना हिरव्या पडतात, त्याही साफ करा. सेल्फ फिरतो पण गाडी सुरू होत नाही, किंवा तापल्यावर बंद पडून गार झाल्यावर चालू होते, तर आधी इथं बघा.

काम झालं की मिस्त्रींना शेजारी बसवून हातखंब्यापर्यंत चढ चढून या. पैसे त्यानंतर द्या.

आणि इंजिनाचं बिल जपून ठेवा. इंजिन बदलल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी बुकावर नवा नंबर चढवावा लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये ते लिहिलेलं आहे.