खत विकू नका, प्लॉटात टाका

हळवं भात कापून झालं, दिवाळी तोंडावर आली, आणि पाड्यापाड्यात ट्रक यायला लागलेत. चिकूच्या वाडीवाल्यांचे ट्रक. उकिरड्यात काठी खुपसून बघतात, भाव बोलतात आणि आपलं वर्षभराचं शेणखत एका दुपारी भरून नेतात. त्याच आठवड्यात वीटभट्टीचा मुकादम बयाणा घेऊन येतो. खत वाडीला जातं, माणूस भट्टीला जातो, प्लॉट मागे पडून राहतो.

बैठकीत हा विषय काढला तेव्हा एक जण सरळ म्हणाला, "पट्टा नाय मिळाला, मग खत कशाला घालू? उद्या फॉरेस्टवाला येल न सगळं उपटून टाकील." त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. शेणखत सगळं एका वर्षात लागू पडत नाही. निम्मंअर्धं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या पिकाला कामी येतं. पुढच्या साली आपण इथे असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याचा हात आखडणारच. आपले आजे सावकाराच्या जमिनीत राबत तेव्हाही असंच होतं. 1945 ला वेठीविरुद्ध उठाव झाला, 1957 ला कूळकायद्याने कसणारा मालक झाला, निदान कागदावर. जंगलजमिनीचं मात्र राहूनच गेलं.

तरी आमचं मत उलटं आहे. पट्टा नाही म्हणूनच खत घातलं पाहिजे.

वनहक्क कायद्यात 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा कब्जा लागतो, आणि मिळतं ते प्रत्यक्ष ताब्यात आहे तेवढंच, तेही 4 हेक्टरच्या आत. जागेची पाहणी पाऊस उघडल्यावर होते. तेव्हा भाताचं खाचर सुकलेलं असतं, नागलीचा वरकस तुकडा तर माळासारखाच दिसतो. पंचनाम्यात एकदा 'पड' हा शब्द लिहिला गेला की तो खोडून घ्यायला चपला झिजतात. त्याच जागी ओढ्याकडेला दोन गुंठे वांगी, मिरची, मुळा हिरवागार उभा असला तर लिहू दे गार्डला काय लिहायचं ते! नियमात बांध आणि सपाटीकरण पुरावा धरलाय, म्हाताऱ्यांचा लेखी जबाबही धरलाय. खताचं नाव कुठे नाही. पण बांध एका उन्हाळ्यात घालता येतो, मुरमाची काळी भुसभुशीत माती व्हायला कैक वर्षांच्या पाट्या लागतात. म्हणून जबाब लिहून देताना, दरसाल इथे खत टाकतो, हेही लिहा. आणि गार्ड दम द्यायला आला तर कलम 4(5) सांगा: दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत कुणाला हटवता येत नाही. नवी जागा फोडा असं आम्ही म्हणत नाही. जी कसताय तीच नीट कसा.

पाऊस गेल्यावर घातलेलं खत वाहून जात नाही, उतारावरच्या प्लॉटाला तर हाच वखत चांगला. घालायचं ते कुजलेलं घाला. हात घातला तर गरम लागू नये, शेणाचा वास येऊ नये. कच्चं घातलं तर उधई आणि हुमणी लागते, तण वेगळंच. भाजीला गुंठ्याला 10-12 भरल्या पाट्या पुरतात. एवढं नसलं तर शिंपडत बसू नका, वांग्याच्या-दुधीच्या आळ्यातच घाला. पसरलेलं उन्हात ठेवायचं नाही, त्याच दिवशी मातीत मिसळायचं. आणि राबाचा वाटा आधी बाजूला काढा.

पुढचं काही गड्यांना आवडणार नाही. वर्षभर शेण उचलते बाई, उकिरड्यावर पाटी नेते बाई, आणि ट्रकवाल्याचे पैसे मोजून घेतो गडी. पट्टा नवराबायको दोघांच्या नावाने होतो, मग उकिरडा एकट्याच्या नावाने कसा? विकायचं की नाही हे आधी तिला विचारा. आमचा अनुभव असा की बाया बहुतेक नको म्हणतात.

गुरंच कमी झाली, खत आणायचं कुठून, असंही काही जण म्हणतात. खरं आहे, रोपवनाच्या नावाखाली चराई बंद केली की गुरं विकावीच लागतात. चराईचा सामूहिक दावा ज्या गावाने अजून टाकला नाही त्यांनी ग्रामसभेत तो घ्यावा. त्यावर पुढच्या अंकात लिहू.

भट्टीला जाऊ नका असं सांगायचं तोंड आमच्याकडे नाही. घरात दाणे नसले की जावं लागतं. सणाला पैसे पाहिजेत म्हणून कुणी दोन ट्रॉल्या विकल्या तर त्यालाही आम्ही नावं ठेवत नाही. पण बयाणा घ्यायच्या आधी निदान चार दिवस उकिरड्याला द्या. मागे म्हातारी माणसं राहतात, ती रोपं लावतील, पाणी घालतील. वाघबारशीला वाघोबाकडे अख्खा पाडा जमतोच. तिथेच ठरवा कोण जाणार, कोण राहणार, कुणाच्या प्लॉटाला कोण पाणी घालणार. आणि एवढं करून खत उरलं, तर ट्रकवाल्याला भाव सगळ्यांनी मिळून एकच सांगा.