दलाली कशाची द्यायची?

पुण्यात आल्यापासून सात वर्षांत मी चार घरं बदलली आणि चारही वेळा एजंटला एका महिन्याचं भाडं मोजलं. प्रत्येक वेळी चडफडत! माणूस करतो काय? तर बाईकवर आपल्या पुढे जातो, कुलूप उघडतो, "सर, फुल व्हेंटिलेशन" म्हणतो आणि वीस मिनिटांत आपल्या अर्ध्या पगाराला हात घालतो.

त्यात आम्ही पडलो आयटीवाले. मधला माणूस काढून टाकणे हा आमच्या धंद्याचा जवळजवळ धर्मच. बसचं तिकीट, विमानाचं तिकीट, बँकेची रांग... सगळीकडून मधला माणूस आम्हीच हाकलला. मग घर-जमिनीच्या व्यवहारात तो कशाला हवा? सगळी माहिती ऑनलाईन असताना? हे माझं मत होतं, आणि हापिसात जेवणाच्या टेबलावर मी ते अनेकदा ठासून मांडलंय.

गेल्या वर्षी ते मत मला गिळावं लागलं. त्याची ही गोष्ट.

माझं गाव मानवत, परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण. कापसाची बाजारपेठ म्हणून आसपास नाव आहे. 'मानवत रोड' नावाचं रेल्वे स्टेशनही आहे, पण त्यातला 'रोड' हा शब्द महत्त्वाचा, कारण उतरल्यावर गाव गाठायला पुन्हा वाहन शोधावं लागतं. :) बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. फंड आणि ग्रॅच्युइटीचे पैसे हातात आले, आणि आयुष्यभर भाड्याच्या आणि वाटणीच्या घरात राहिलेल्या माणसाला स्वतःचा एक प्लॉट हवासा वाटला. दोन हजार चौरस फूट, गावालगत, एनए झालेला. किंमत सोळा लाख. विकणारे दोघे सख्खे भाऊ. वडिलांनी घेऊन ठेवलेला प्लॉट, वडील वारले, आता भावांना पैसे हवेत.

मी म्हटलं, "बाबा, एजंट नको. कागद मी बघतो."

आणि बघितलेही. महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत घरबसल्या मिळतो. हिंजवडीत बसून दहा मिनिटांत काढला. भोगवटादार वर्ग १. इतर हक्कात बोजा नाही. नावं तीन : आई आणि दोन मुलं. एनएचा आदेश होता, मंजूर लेआऊट होता. मी बाबांना फोन करून सांगितलं, सगळं क्लीन आहे, दोन लाख इसार देऊन टाका.

बाबा मात्र जुन्या वळणाचे. इसार द्यायच्या आदल्या दिवशी ते गावातल्या एका ओळखीच्या एजंटकाकांकडे जाऊन आले. काकांनी सातबारा हातात घेतला, चष्मा वर केला आणि एवढंच विचारलं, "कागद चांगलाय गुरुजी, पण पोरींचं काय?"

कुठल्या पोरी?

"दोन बहिणी आहेत की यांना! थोरली सेलूला दिली, धाकटी जालन्याला. दोघींच्या लग्नात जेवलोय मी."

सातबाऱ्यावर त्या दोघी नव्हत्याच. वडील वारल्यावर वारसाची नोंद करताना भावांनी आईचं आणि स्वतःचं नाव लावलं, बहिणींचा उल्लेखच केला नाही. हे आपल्याकडे इतकं सर्रास होतं की त्या भावांना आपण काही लपवलंय असंही वाटत नसावं. "त्यांचं लग्नात केलं की सगळं" हे त्यांचं उत्तर. पण कायदा असं म्हणत नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मृत्युपत्र नसेल तर मुलगी मुलाइतकीच वारस असते. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत २००५ च्या दुरुस्तीने तिला जन्मतः हक्क दिला, आणि २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो पक्का केला. सातबारा हा महसुली नोंदीचा कागद आहे, मालकीचा शेवटचा शब्द नाही. म्हणजे उद्या त्या बहिणी कोर्टात गेल्या असत्या, तर बाबांच्या सोळा लाखांच्या प्लॉटवर दावा लागला असता. पुढची किती वर्षं, देव जाणे.

मी जे बघितलं ते कागदावर होतं. काकांनी बघितलं ते कागदावर नव्हतं. कुठल्याही पोर्टलवर ते येणारही नाही, कारण पोर्टल कुणाच्या लग्नात जेवायला जात नाही.

थोडक्यात काय, एजंटचं काम कुलूप उघडण्याचं आहे हा माझा समज चुकीचा होता. चांगल्या एजंटचं खरं काम 'हे घेऊ नका' किंवा 'असं घेऊ नका' म्हणण्याचं आहे. हा प्लॉट अडकला तेव्हा बाबांनी काकांना दुसरं काही आहे का विचारलं. गावात तेव्हा विकायला असलेले आणखी दोन प्लॉट काकांनी फोनवरच कटाप केले. एक होता शेतातून कापलेला तीन गुंठ्यांचा तुकडा, मुद्रांकावर नोटरी करून 'विकत' मिळणारा. आपल्याकडे तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे. २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला वीस गुंठे आणि बागायतीला दहा गुंठे असं ठरलं. २०२५ मध्ये सरकारने जुन्या व्यवहारांसाठी सवलतीचा मार्ग काढला खरा, पण नोटरीचा कागद म्हणजे खरेदीखत नव्हे. मुखत्यारपत्र आणि करारनाम्याने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सूरज लॅम्प खटल्यात सांगितलंय. दुसरा प्लॉट वर्ग २ चा, जुनी इनामी जमीन. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि त्या काळच्या इनामांचं शेपूट आजही आमच्याकडच्या कित्येक सातबाऱ्यांना चिकटलेलं आहे. सरकारी परवानगी आणि नजराण्याशिवाय अशा जमिनीचा व्यवहार होत नाही. पुण्यात वाढलेल्या माझ्या मित्रांना यातलं काहीच ठाऊक नसतं. मानवतमध्ये वाढलेल्या मला तरी कुठे होतं?

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती म्हणजे भीड. छोट्या गावात विकणारा आपला विद्यार्थी असतो, नाहीतर विद्यार्थ्याचा बाप. बाबा त्याला तोंडावर "तुझ्या बहिणींच्या सह्या आण" म्हणू शकले नसते. म्हणजे संशयच घेतल्यासारखं झालं! काकांनी ते हसत हसत सांगितलं, वर "वकील ऐकत नाही हो" असं पांघरूणही घातलं. भावाची घासाघीसही तशीच. दोन्ही बाजूंचा राग झेलायला मध्ये एक माणूस असला की रस्त्यात भेटल्यावर रामराम करता येतो.

पुढे काय झालं? पाच महिने गेले. सेलूची बहीण लगेच तयार झाली. जालन्याच्या बहिणीला मात्र प्लॉट विकायला काढलाय हेच माहीत नव्हतं. ती म्हणाली, मला माझा हिस्सा पाहिजे. भाऊ चिडले, आईने अबोला धरला, काका दोनदा जालन्याला जाऊन आले. शेवटी दोघी बहिणींच्या वाट्याचे चेक निघाले आणि खरेदीखतावर पाच सह्या झाल्या. किंमत तीच, सोळा लाख. दलाली एक टक्का, सोळा हजार.

त्या रात्री जेवताना बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुझ्या आत्यानं हक्कसोड करून दिलं तेव्हा आम्ही तिला एक साडी घेतली होती." पुढे कुणी काही बोललं नाही.

असो.

आता तुम्ही म्हणाल, तुझे काका चांगले निघाले, म्हणून सगळे एजंट साधू का? अजिबात नाही. आकडा हवा असेल तर हा घ्या. स्टीव्हन लेविट आणि चॅड सिव्हर्सन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये शिकागोच्या परिसरातल्या सुमारे एक लाख घरविक्रींचा अभ्यास प्रसिद्ध केला. एजंट स्वतःचं घर विकतो तेव्हा तो ते गिऱ्हाइकाच्या घरापेक्षा साडेनऊ दिवस जास्त बाजारात ठेवतो आणि किंमत ३.७ टक्के जास्त मिळवतो! कारण सरळ आहे. तुमच्या घराचे लाखभर रुपये वाढले तर त्याच्या खिशात हजार-दोन हजार जातात, त्यासाठी तो कशाला थांबेल? आपल्याकडे तर तो बऱ्याचदा दोन्हीकडून दलाली घेतो, म्हणजे तो नेमका कुणाचा हे त्यालाही ठाऊक नसतं. आणि जालना-नांदेड द्रुतगती मार्गाची घोषणा झाल्यापासून आमच्या जिल्ह्यात ज्याच्याकडे स्मार्टफोन तो एजंट, अशी अवस्था आहे.

कायदा थोडी मदत करतो. २०१६ च्या रेरा कायद्याने नोंदणीकृत प्रकल्पातली विक्री करून देणाऱ्या एजंटला नोंदणी सक्तीची केली, आणि २०२३ मध्ये महारेराने त्यांच्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आणली. पण जुनं घर, शेतजमीन, एखाददुसरा सुटा प्लॉट हे सगळं बहुतेक वेळा या चौकटीच्या बाहेर राहतं. म्हणजे नेमकं आमच्या गावातलं!

म्हणून माझं आताचं मत असं. एजंट घ्या, पण डोळे उघडे ठेवून. तो समोरच्याकडूनही घेणार आहे का, हे पहिल्याच दिवशी तोंडावर विचारा. दलाली किती आणि कधी, ते लिहून घ्या, आणि ती इसाराच्या दिवशी नाही तर खरेदीखत झाल्यावर द्या. नव्या प्रकल्पातला फ्लॅट असेल तर रेरा नंबर बघा. वकिलाचा शोध अहवाल वेगळा घ्या, एजंटने सुचवलेल्याच वकिलाकडून नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याने आजवर तुम्हाला एकदा तरी 'हे घेऊ नका' म्हटलंय का, ते आठवून बघा. दाखवलेलं सगळंच ज्याला उत्तम वाटतं, त्याला चहा पाजा आणि निरोप द्या.

काकांचे सोळा हजार मी माझ्या खात्यातून दिले. बाबा नको म्हणत होते, पण इसार द्यायचा सल्ला माझा होता, तेव्हा दंडही माझाच. चार वेळा एका महिन्याचं भाडं चडफडत दिलेल्या मला ते पैसे देताना पहिल्यांदाच स्वस्त वाटलं.