काट्याचा पासंग

दिवेलागणीला दुकान वाढवून घरी आलेल्या आजोबांसमोर नातू लॅपटॉप उघडून बसतो, हे दृश्य आज अनेक व्यापारी घरांत दिसते. पडद्यावर एक रेषा डावीकडून उजवीकडे चढत गेलेली असते. रोज सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी निफ्टीचा कॉल आणि पुट दोन्ही विकायचे, ठरलेल्या तोट्यावर बाहेर पडायचे आणि उरलेला सौदा दुपारी मिटवायचा. गेली पाच वर्षे एवढेच केले असते तर किती मिळाले असते, ते ती रेषा सांगते. नातवाची मागणी साधी असते : दुकानाच्या खेळत्या भांडवलातून दहा लाख रुपये. आजोबांना स्टॉपलॉस आणि स्ट्राइक कळत नाहीत, पण वजनकाटा कळतो. ते एवढेच विचारतात, "ज्या काट्यावर हे तोललेस, त्याचा पासंग पाहिलास का?"

ऑप्शनच्या बॅकटेस्टिंगसाठी सॉफ्टवेअर निवडणाऱ्याने प्रथम विचारावा असा प्रश्न हाच आहे. माल तोलण्याआधी रिकामी पारडी समतोल आहेत की नाहीत, हे पाहण्याची रीत पेठेत जुनी आहे. सॉफ्टवेअर हादेखील एक काटाच आहे. तो किती नफा दाखवतो, यापेक्षा तो काय वजा करतो आणि काय वजा करायला विसरतो, यावर त्याची निवड व्हावी.

ऑप्शनचा व्यवहार या समाजाला परका नाही. १९५६ च्या रोखे करार कायद्यात ऑप्शनची व्याख्या करताना तेजी, मंदी, तेजी-मंदी आणि गल्ली हे पेठेतील शब्द जसेच्या तसे घेतले गेले. म्हणजे कॉल-पुटचा व्यवहार येथील व्यापारी आपल्या शब्दांत आधीपासूनच करीत होते. त्याच कायद्याने रोख्यांतील ऑप्शनवर बंदी घातली. ती १९९५ मध्ये उठली आणि ४ जून २००१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजारात निफ्टीचे ऑप्शन सुरू झाले. पूर्वीच्या व्यापाऱ्याजवळ जुन्या सौद्यांचा पडताळा घेण्यासाठी स्वतःच्या वह्या असत. आज ते काम सॉफ्टवेअर करते; परंतु वही स्वतः लिहिलेली असे, सॉफ्टवेअर मात्र दुसऱ्याने लिहिलेले असते.

शेअरपेक्षा ऑप्शनची अशी चाचणी कितीतरी अवघड आहे. एका शेअरचा एका क्षणी एकच भाव असतो. निफ्टीच्या ऑप्शनमध्ये मात्र प्रत्येक स्ट्राइकचा आणि प्रत्येक मुदतीचा भाव वेगळा; त्यातही साप्ताहिक कराराचे आयुष्य अल्प आणि मुदत जवळ येईल तसे त्याचे कालमूल्य वितळत जाते. म्हणून पहिला पासंग भावांच्या नोंदीत शोधावा. सॉफ्टवेअरकडे त्या त्या मिनिटाचा प्रत्यक्ष झालेला भाव आहे, की निफ्टीच्या आकड्यावरून सूत्राने काढलेला अंदाज? सूत्राचा भाव गुळगुळीत असतो. घबराटीच्या दिवशी खरा प्रीमियम त्याच्यापासून फार दूर जातो. पडताळा घेणे कठीण नाही. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर प्रत्येक दिवसाचा भावपत्रक-संच, म्हणजे भावकॉपी, विनामूल्य मिळतो. कोणतेही दहा दिवस निवडून सॉफ्टवेअरमधील दिवसाचा उच्चांक, नीचांक आणि बंद भाव त्याच्याशी जुळवून पाहावा. आकडे जुळत नसतील, तर पुढे जाण्याचे कारण उरत नाही.

दुसरा पासंग नियमांच्या तारखांचा. बाजाराचे नियम स्थिर नसतात. निफ्टीचा लॉट २०२४ च्या एप्रिलअखेर ५० वरून २५ झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरनंतर नव्याने आलेल्या करारांसाठी ७५ झाला. बँक निफ्टीचे साप्ताहिक ऑप्शन नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाले. निफ्टीच्या साप्ताहिक मुदतीचा वार सप्टेंबर २०२५ पासून गुरुवारऐवजी मंगळवार झाला. ज्या सॉफ्टवेअरला हे बदल तारखेनुसार ठाऊक नाहीत, ते आज अस्तित्वात नसलेल्या पेठेतला नफा मोजते. बँक निफ्टीच्या साप्ताहिक ऑप्शनवर कमावलेला पाच वर्षांचा चढता आलेख कितीही देखणा असला, तरी ती पेठ आता उठलेली आहे.

तिसरा पासंग खर्चाचा आणि तो सर्वांत फसवा. समजा, चाचणीत रोज सरासरी पाच रुपये प्रति नग सुटतात. ७५ च्या लॉटला ते ३७५ रुपये होतात आणि वर्षाच्या २४० दिवसांचे ९०,००० रुपये. आता वजावट पाहावी. कॉल आणि पुट प्रत्येकी १०० रुपयांना विकून साधारण त्याच भावाच्या आसपास परत घेतले, तर एका दिवसात चार ऑर्डर होतात. प्रत्येकीस २० रुपये दलाली, बाजाराचे शुल्क, वस्तू व सेवा कर, मुद्रांक आणि विक्रीच्या प्रीमियमवरील ०.१ टक्का व्यवहारकर धरला, तर सुमारे १२० रुपये जातात. शिवाय पडद्यावरचा भाव आणि हाती पडणारा भाव यांत अर्ध्या रुपयाचा फरक धरला, तरी चार ऑर्डरींत ७५ च्या लॉटवर १५० रुपये आणखी गेले. ३७५ मधून २७० वजा होऊन १०५ उरतात. वर्षाचे ९०,००० न राहता २५,२०० होतात. यात तोट्याचा एकही मोठा दिवस अजून आलेला नाही. म्हणून ज्या सॉफ्टवेअरमध्ये हे सर्व खर्च आणि भावातील घसारा स्वतःच्या हाताने भरता येत नाहीत, ते घेऊ नये. व्यवहारकर १ ऑक्टोबर २०२४ रोजी ०.०६२५ वरून ०.१ टक्का झाला होता. असे दरही तारखेनुसार लागू होतात की नाही, हे विचारावे.

चौथा पासंग वाईट दिवसांचा. २३ मार्च २०२० रोजी निफ्टी सुमारे १३ टक्के कोसळला आणि पहिल्याच तासात व्यवहार थांबवावे लागले. ४ जून २०२४ रोजी, लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी, तो २३,२६३ वरून २१,८८४ वर आला. अशा दिवशी स्टॉपलॉस लिहिलेल्या भावालाच लागेल, असे मानणे म्हणजे पूर आलेल्या नदीला नेहमीच्या उताराने ओलांडण्यासारखे आहे. सॉफ्टवेअरने या दोन दिवसांचा प्रत्येक सौदा वेळ आणि भावासह उघडून दाखवला पाहिजे. भाव स्टॉपलॉस ओलांडून उडी मारतो, तेव्हा ते पुढचा प्रत्यक्ष भाव धरते की मनातला? केवळ वर्षाची बेरीज दाखवणारे आणि सौद्यांची यादी उतरवून न देणारे साधन, खतावणी दाखवून रोजमेळ लपवणाऱ्या मुनिमासारखे असते.

पाचवा पासंग काट्यात नसून तोलणाऱ्याच्या हातात असतो. वेळ, स्ट्राइक, स्टॉपलॉस बदलत बदलत शंभर वेळा चाचणी केली, तर त्यांतील काही केवळ योगायोगानेही उत्तम दिसणारच. नातवाने आजोबांना दाखवलेली रेषा ही बहुधा त्या शंभरांतील शंभरावी असते. उरलेल्या नव्याण्णवांची नोंद कोणी ठेवत नाही. यावर उपाय एकच : शेवटचे एक वर्ष कुलूपबंद ठेवावे, आधीच्या वर्षांवर रीत ठरवावी आणि मग ते वर्ष एकदाच उघडावे. तेथे ती टिकली नाही, तर पुन्हा आकडे फिरवू नयेत. अशी तारखांची मर्यादा घालता येणे आणि केलेल्या प्रत्येक चाचणीचा इतिहास जपला जाणे, हे सॉफ्टवेअरचे मोठे गुण होत.

या कसोट्या समजल्या की साधनाची निवड सोपी होते. ज्याला संगणकाची भाषा येत नाही, त्याच्यासाठी स्टॉकमॉक, अल्गोटेस्ट यांसारखी संकेतस्थळे आहेत. तेथे वेळ आणि स्ट्राइक निवडून चाचणी करता येते. ॲमीब्रोकर संगणकावर बसवावे लागते, त्याची सूत्रभाषा शिकावी लागते आणि भावांची नोंद वेगळी मिळवावी लागते. पायथन विनामूल्य आहे, पण तेथे चुकीची जबाबदारीही पूर्णपणे स्वतःची असते. यांपैकी कोणतेही स्वीकारावे; मात्र वर्षाची वर्गणी भरण्यापूर्वी एका महिन्यात वरील पाचही गोष्टी तपासून घ्याव्यात. जे साधन चाचणीबरोबर तयार नफ्याची रीतही विकते, त्यापासून दूर राहावे. सेबीने २ सप्टेंबर २०२२ च्या परिपत्रकाने, अशा रीतींच्या मागील किंवा अपेक्षित परताव्याचा दावा करणाऱ्या मंचांशी संबंध ठेवण्यास दलालांना मनाई केली आहे.

एवढी चिकित्सा करण्याचे कारण सेबीच्याच अभ्यासात आहे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व ऑप्शन करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या; त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. त्या काळात केवळ व्यवहारखर्चापोटी सुमारे ५०,००० कोटी रुपये गेले.

काटा खरा ठरल्यावरही माल घ्यावा की नाही, हा प्रश्न उरतोच. दुकानाच्या खेळत्या भांडवलात केवळ घरचा पैसा नसतो. त्यात पुढच्या महिन्यात द्यायचे पुरवठादाराचे देणे असते, अडत्याची उधारी असते, नोकरांचा पगार असतो. दहा लाख रुपये एका दिवशी अर्धे झाले, तर तोटा नातवाचा राहत नाही; पिढ्यांनी जपलेल्या शब्दाचा होतो. म्हणून नातवाने पाचही पासंग काढून पुन्हा यावे. रेषा तरीही चढती राहिली, तर घरच्या बचतीतून वेगळे खाते काढावे. त्यात एवढीच रक्कम ठेवावी की ती संपूर्ण गेली, तरी कोणाचेही देणे एक दिवसही लांबणार नाही. आणि रेषा आडवी पडली, तर वर्गणीचे पैसे वसूल झाले असे समजून लॅपटॉप मिटावा.