खेळणाऱ्या पोरांनो, लिहिते व्हा!

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला रामराम ठोकला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, ठरावीक यादीतलाच प्रोसेसर लागतो. ते नाही म्हणून घराघरांतले धडधाकट संगणक एका तारखेला ‘जुने’ ठरले. पंखा फिरतो आहे, रॅम शाबूत आहे, ग्राफिक्स कार्डाचे हप्ते कदाचित अजून फिटायचे आहेत; पण कंपनीने बाद म्हटले की बाद! आणि आपण काय केले? कुणी वर्षाची मुदतवाढ घेतली, कुणी नवा लॅपटॉप हप्त्यावर उचलला, आणि कित्येकांनी स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ या फिकट अक्षरांकडे दुर्लक्ष करत तोच गाडा पुढे रेटला. संगणक माझा, गेम माझ्या पैशाचा, मग तो कशावर चालवायचा हे दुसऱ्याने का ठरवावे, हा साधा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. स्वतःच्याच घरात भाडेकरूसारखे राहायची सवय अंगवळणी पडली की असेच होते.

ही सवय मोडण्याची सोय आज हाताशी आहे. तिचे नाव लिनक्स, विंडोजच्या जागी बसणारी मुक्त आणि फुकट संगणकप्रणाली.

“लिनक्सवर गेम चालत नाहीत” हे वाक्य अजूनही आपल्याकडे छातीठोकपणे फेकले जाते. ते फेकणाऱ्याने शेवटचे लिनक्स कधी पाहिले होते, एवढेच विचारावे. फेब्रुवारी २०१३ मध्ये स्टीम हे गेमचे ऑनलाइन दुकान लिनक्सवर आले. ऑगस्ट २०१८ मध्ये स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने प्रोटॉन आणले. विंडोजसाठी लिहिलेला गेम ग्राफिक्ससाठी डायरेक्टएक्सच्या भाषेत हाक मारतो. प्रोटॉनमधला डीएक्सव्हीके हा भाग ती हाक व्हल्कन या खुल्या ग्राफिक्सभाषेत उतरवून ग्राफिक्स कार्डापर्यंत पोचवतो, आणि बाकीच्या विंडोजी मागण्या वाईन ही विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारी प्रणाली भागवते. गेमला वाटते आपण विंडोजवर आहोत. खेळणाऱ्याने फक्त ‘प्ले’ दाबायचे. २०२२ मध्ये आलेले स्टीम डेक हे हातात मावणारे यंत्र याच जोरावर उभे आहे. विचर ३, सायबरपंक २०७७, एल्डन रिंग हे सगळे आज लिनक्सवर खेळता येते. स्टार्ड्यू व्हॅली, हॉलो नाइट, डोटा २, काउंटर-स्ट्राइक २ यांच्या तर खास लिनक्ससाठी केलेल्या आवृत्त्याच आहेत.

पण हे कुणाच्या कृपेने झाले? इथेच आपल्या पोरांनी कान टवकारावेत. वाईनचे काम १९९३ मध्ये सुरू झाले आणि तिची १.० आवृत्ती यायला २००८ साल उजाडले. पंधरा वर्षे! मधल्या काळात लोकी सॉफ्टवेअर नावाच्या कंपनीने नामांकित गेम लिनक्सवर आणून विकायचा घाट घातला आणि २००२ मध्ये तिला टाळे लागले. २०१५ च्या, लिनक्सवर चालणाऱ्या स्टीम मशीन्सचाही फज्जा उडाला. तरी माणसे थांबली नाहीत. डीएक्सव्हीके लिहायला घेतले ते फिलिप रेबोले या एका गड्याने, आणि कारण काय, तर त्याला निअर: ऑटोमाटा हा गेम लिनक्सवर खेळायचा होता. पुढे व्हॉल्व्हने त्याच्या कामामागे पैसा उभा केला. व्हॉल्व्ह काही धर्मादाय संस्था नव्हे. विंडोज ८ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःचे दुकान थाटले तेव्हा व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूवेल यांना आपल्या धंद्याची धास्ती वाटली, आणि ती त्यांनी २०१२ मध्येच उघड बोलून दाखवली. कंपनीचा स्वार्थ आणि हौशी मंडळींचा हट्ट एका रेषेत आले, म्हणून आजचा दिवस दिसला. स्वार्थ उद्या दिशा बदलू शकतो. हट्ट टिकवणे आपल्या हातात आहे.

त्या हट्टाचे माप पाहायचे तर डेल्टा-व्ही: रिंग्ज ऑफ सॅटर्न या छोट्या गेमकडे पाहा. त्याच्या निर्मात्याने २०२१ मध्ये आपला हिशेब जाहीर केला. तोवर गेमच्या १२,००० वर थोड्या प्रती खपल्या होत्या, त्यांतल्या सुमारे ७०० लिनक्सवाल्यांनी घेतलेल्या. म्हणजे जेमतेम ५.८ टक्के. पण त्याच्याकडे दोषांच्या ज्या १,०४० तक्रारी आल्या, त्यांतल्या सुमारे ४०० याच मूठभरांनी लिहिलेल्या होत्या. ३८ टक्के! कुणी म्हणेल, लिनक्सवरच गेम जास्त बिघडत असेल. नाही. त्या चारशेंपैकी फक्त ३ तक्रारी लिनक्सपुरत्या होत्या. उरलेले दोष सगळ्यांच्याच संगणकावर होते. विंडोजवाल्यांनी ते सोसले, लिनक्सवाल्यांनी ते लिहून कळवले. त्या निर्मात्याला हा ताप वाटला नाही. आपल्याला फुकटात उत्तम तपासनीस मिळाले, असेच त्याचे म्हणणे होते.

खेळणारा गिऱ्हाईक असतो आणि खेळणारा कारागीरही असतो. दोघांमधला फरक पाच-सात ओळी लिहिण्याचा आहे.

आता आपल्याकडची तऱ्हा बघा. ग्रुपवर प्रश्न येतो: “भावा, गेम ओपन होत नाय, काहीतरी सांग ना.” कुठला गेम, कुठला संगणक, काय दिसले, काही पत्ता नाही. उत्तर येते: “पीसी बदल.” त्यावर चार हसरे चेहरे, आणि चर्चा खलास! विचारणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही, आणि उद्या तीच अडचण येणाऱ्या दहाव्या माणसासाठी मागे काही उरत नाही.

हाच प्रश्न असा लिहिला तर? “लिनक्स मिंट २२, कर्नल ६.८. रायझन ५ ५६००जी, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, रॅम १६ जीबी. प्रोटॉन ९ वर गेम सुरू होतो, पण सुरुवातीच्या व्हिडिओत आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. प्रोटॉन एक्सपेरिमेंटल लावल्यावर व्हिडिओ दिसला, पण गेम सेव्ह करताना बंद पडतो. दोन्ही वेळचा लॉग जोडला आहे.” बस्स. यात विद्वत्ता कुठे आहे? स्टीममध्ये गेमच्या नावावर उजवी क्लिक करायची, प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटीवर जाऊन प्रोटॉनची आवृत्ती बदलून पाहायची. लाँच ऑप्शन्समध्ये लॉग चालू करणारी एक ओळ टाकली की होम फोल्डरमध्ये फाइल तयार होते. ती उघडून शेवटच्या पंचवीस ओळी वाचायच्या. पहिल्यांदा काहीही कळणार नाही. हरकत नाही; चार फायली वाचल्या की ‘न सापडलेली फाइल’ आणि ‘संपलेली मेमरी’ यांतला फरक डोळ्यांना आपोआप कळायला लागतो. प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर हजारो गेमांच्या अशा नोंदी सामान्य खेळाडूंनीच लिहून ठेवल्या आहेत. कुठला गेम सुरळीत चालतो, कुठल्याला कसली मलमपट्टी लागते, हे खरेदीआधी तिथे पाहता येते. आपण त्या नोंदी वाचतो, आपले काम साधतो आणि निघून जातो. लिहायची वेळ आली की मात्र हात आखडतो!

दोष कळला आणि यंत्र खुले असले की काय होते, तेही पाहा. २०२२ च्या सुरुवातीला एल्डन रिंग आला तेव्हा जगभर बोंब झाली की खेळताना मध्येच झटके बसतात. गेम मेमरीतल्या गोष्टी पुन्हापुन्हा नव्याने मांडत होता. प्रोटॉनमध्ये डायरेक्टएक्स १२ सांभाळणारा थर खुला असल्यामुळे व्हॉल्व्हच्या मंडळींना तिथेच दुरुस्ती करता आली. गेमच्या मूळ निर्मात्याची वाट पाहावी लागली नाही, आणि काही दिवस तरी तो विंडोजचा गेम स्टीम डेकवर अधिक सफाईने चालला. यंत्राचे झाकण उघडता येते तेव्हा दुरुस्ती कुणाच्या मेहेरबानीवर अडत नाही.

लिनक्सवर सगळे आलबेल आहे, असे सांगून मी तुमची फसवणूक करणार नाही. व्हॅलोरंट चालत नाही. फोर्टनाइट चालत नाही. एपेक्स लीजेंड्स चालत होता, तो ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीने लिनक्ससाठी बंद केला. कारण एकच: फसवाफसवी रोखणाऱ्या अँटी-चीट प्रणाली. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन मोठ्या प्रणालींनी २०२१ मध्येच प्रोटॉनसाठी दार उघडले. ते वापरायचे की नाही हे प्रत्येक गेमचा निर्माता ठरवतो, आणि कित्येक जण कडी काढत नाहीत. ज्याला हेच गेम हवेत, त्याने आज एका कोपऱ्यात विंडोज ठेवावे, लाज वाटून घेऊ नये. पण त्या निर्मात्याला चार सभ्य ओळी लिहायला काय हरकत आहे? “मी तुमचा गेम विकत घेईन, लिनक्सचे दार उघडा.” शिवीगाळ नको, धमकी नको. नाव, गेम, मागणी. आणि गेम घेतलाच तर तो लिनक्सवर खेळा. प्रोटॉनवर खेळलेल्या गेमची खरेदी स्टीमच्या हिशेबात लिनक्सच्या खात्यावर जमा होते. २०२५ च्या अखेरीस स्टीमच्या पाहणीत लिनक्सने तीन टक्क्यांचा टप्पा ओलांडला. आकडा लहान आहे, पण धंदेवाईकाला आकड्याचीच भाषा कळते.

संघटित लेखणीपुढे बड्या कंपन्यांनाही दखल घ्यावी लागते. युबीसॉफ्ट कंपनीने मार्च २०२४ मध्ये द क्रू या गेमचे सर्व्हर बंद केले आणि पैसे मोजून घेतलेला गेम लोकांच्या हातात निरुपयोगी झाला. रॉस स्कॉट या व्हिडिओ करणाऱ्या माणसाने त्यावर ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभारली, आणि युरोपात तिच्या मागणीपत्रावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. त्या सह्या करणारे कोण होते? तुमच्यासारखेच खेळणारे.

पालकांनो आणि गुरुजनांनो, दोन शब्द तुमच्याशीही. पोरगा गेम खेळून वाया चालला, ही ओरड आता पुरे. केवळ बटणे बडवणारा पोरगा आणि गेम का अडला हे शोधत बसणारा पोरगा यांना एका मापाने मोजू नका. दुसरा पोरगा फाइल कुठे असते, परवानगी कशाला म्हणतात, ड्रायव्हर काय करतो, हे कुठल्याही शिकवणीवाचून शिकतो आहे. केरळच्या सरकारी शाळांत वर्षानुवर्षे मुले मुक्त सॉफ्टवेअरवर शिकत आहेत. आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतला धूळ खात पडलेला संगणक लिनक्सवर पुन्हा उभा राहू शकतो. लहानग्यांसाठी जीकॉम्प्री आहे, मोठ्यांसाठी सुपरटक्सकार्ट, ओपनटीटीडी, ०-एडी आहे. पैसे लागत नाहीत, आणि क्रॅक केलेल्या गेमातून घरात शिरणारे व्हायरसही टळतात.

आणि मराठीचे काय? राजी हा आपल्या पुराणकथांवर बेतलेला गेम २०२० मध्ये जगाच्या बाजारात गेला. तो करणारा स्टुडिओ पुण्याचा. म्हणजे कर्तबगारी आहे. साधनेही आहेत. अर्जेंटिनात जन्मलेले गोडो हे गेम बनवायचे इंजिन २०१४ पासून सर्वांना खुले आहे, लिनक्सवर झकास चालते. २०२३ मध्ये आलेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीत देवनागरीची जोडाक्षरे आणि वेलांट्या जागच्या जागी बसतात. त्याआधी ‘शक्ती’ लिहिले की अक्षरे फुटत. आता सबब उरली नाही. सांगलीच्या, नांदेडच्या, म्हापशाच्या पोराने आपल्या मातीतला गेम आपल्या लिपीत का करू नये? करता येत नसेल तर खुल्या गेमांचे मराठी भाषांतर करावे. तेही जमत नसेल तर कुठला गेम लिनक्सवर कसा चालला, हे स्वच्छ मराठीत लिहावे. इंग्रजीत अडखळणाऱ्या आपल्याच भावाबहिणींना त्याचा जो उपयोग होईल, तो दुसऱ्या कशाने होणार नाही.

म्हणून उठा! आधी आपल्या फायलींची प्रत काढून ठेवा. पेनड्राइव्हवर लिनक्स घेऊन, काहीही न पुसता, ते आपल्या संगणकावर चालते का पाहा. आवडले तर विंडोजच्या शेजारी बसवा. एक गेम लावा. चालला तर कसा चालला ते लिहा. अडला तर कुठे अडला ते लिहा. ज्याने तुमची अडचण सोडवली त्याचे आभार माना, आणि उद्या नवख्याने तोच प्रश्न विचारला तर त्याला हसू नका, उत्तर द्या. आपण आजवर दुसऱ्यांच्या लिहिण्यावर फुकट खेळलो. ते ऋण फेडायचे आहे. आज रात्री गेम बंद कराल तेव्हा संगणक बंद करण्याआधी पाच ओळी लिहा, आणि मराठीत लिहा.