एका शाळेला पाच वर्षांत १ कोटी ८८ लाख, दुसरीला वर्षाला १० हजार : तालुक्यातला शिक्षणाचा पैसा मुरतो कुठं?

विशेष विश्लेषण

आपल्या तालुक्यात एखाद-दुसऱ्या सरकारी शाळेवर 'पीएम श्री शाळा' असा फलक लागलेला तुम्ही पाहिला असेल. रंगरंगोटी, डिजिटल वर्ग, प्रयोगशाळा, वाचनालय, छतावर सोलर. चांगली गोष्ट आहे, पोरांना मिळालंच पाहिजे. पण त्याच तालुक्यात वाडीवरची शाळाही सरकारचीच आहे. तिथं पावसाळ्यात वर्ग गळतो, लाईट बिल थकलं म्हणून टीव्ही बंद आहे आणि एक गुरुजी चार इयत्ता सांभाळतात. दोन्ही शाळा जिल्हा परिषदेच्या, दोन्हीकडं पोरं शेतकऱ्याची-मजुराचीच. मग एवढा फरक का? त्याचं उत्तर पैसे वाटायच्या नियमात आहे.

आधी आकडे बघू

पीएम श्री योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने ७ सप्टेंबर २०२२ ला मंजुरी दिली. देशभरात १४,५०० च्या वर शाळा, एकूण खर्च २७,३६० कोटी, मुदत २०२२-२३ ते २०२६-२७. त्यातले १८,१२८ कोटी केंद्राचे, बाकी राज्यांचे.

महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये ८४६ शाळांसाठी या योजनेला मान्यता दिली. एका शाळेला पाच वर्षांत १ कोटी ८८ लाख. त्यात राज्याचा वाटा शाळेमागे ७५ लाख, म्हणजे ८४६ शाळांचे मिळून ६३४ कोटी ५० लाख राज्याच्या तिजोरीतून. वर्षाचा हिशोब केला तर एका शाळेला साधारण ३७ लाख ६० हजार.

आता साध्या शाळेचं बघा. समग्र शिक्षा योजनेतून प्रत्येक सरकारी शाळेला संयुक्त शाळा अनुदान मिळतं. ते पटावर ठरतं. ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, हजारपर्यंत ७५ हजार आणि त्याच्या वर १ लाख. खडू-फळा, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, इंटरनेट सगळं यातच भागवायचं. त्यातले निदान १० टक्के स्वच्छतेवर घालायचे. हे पैसेही दरवर्षी वेळेवर आणि पूर्ण येतात असं कुठलाच मुख्याध्यापक छातीठोक सांगणार नाही.

म्हणजे वाडीवरच्या शाळेला पाच वर्षांत ५० हजार आणि निवडलेल्या शाळेला १ कोटी ८८ लाख. ३७६ पट फरक. शाळा लहान-मोठी असते, म्हणून डोईमागेही हिशोब करू. ३०० पोरांच्या पीएम श्री शाळेत वर्षाला पोरामागे साडेबारा हजार पडतात. २० पोरांच्या वस्तीशाळेत ५०० रुपये. पगार दोन्हीकडं वेगळा येतो, तो यात धरलेला नाही.

निवड होते कशी?

इथंच खरी मेख आहे. या योजनेत शाळेने स्वतः अर्ज करायचा, गुण मिळवायचे आणि स्पर्धेतून निवडून यायचं. ग्रामीण शाळेला किमान ६० टक्के गुण लागतात, शहरी शाळेला ७० टक्के. एवढी सवलत आहे. पण अर्ज करायच्या आधीच्या अटी बघा. पक्की आणि सुस्थितीतली इमारत पाहिजे. रॅम्प पाहिजे. मुला-मुलींची वेगळी स्वच्छतागृहं पाहिजेत. आणि पट राज्याच्या सरासरीपेक्षा जास्त पाहिजे.

ज्या शाळेची इमारतच मोडकी आहे, ती या रांगेत उभीच राहू शकत नाही. वस्तीच दीडशे उंबऱ्यांची, तिथं पट सरासरीच्या वर जाणार कुठून? म्हणजे जिला गरज जास्त, ती आधीच बाद.

कालव्याखालच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. हेडला असलेल्याचं रान दोनदा भिजतं आणि टेलवाला रात्रभर बॅटरी घेऊन चारीवर बसतो. पाणी कमी आहे म्हणून टेल कोरडं राहतं असं दरवेळी नसतं. पाळी कशी लावली, यावरही ते ठरतं.

आणखी एक अट आहे. एका तालुक्यात जास्तीत जास्त दोन शाळा, एक प्राथमिक आणि एक माध्यमिक-उच्च माध्यमिक. आपल्याकडं गावोगावची हायस्कुलं बहुतेक खाजगी अनुदानित संस्थांची. ही योजना फक्त सरकारी शाळांना.  राज्यात सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मिळून ६५ हजारांच्या आसपास शाळा आहेत. त्यातल्या ८४६, म्हणजे शंभरात एक-दीड.

हे पहिल्यांदा होतंय असं नाही

सरकार कुठलंही असो, निवडक शाळा चमकवायची हौस सगळ्यांनाच. युती सरकारच्या काळात आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ निघालं, जिल्हा परिषदेच्या मोजक्या शाळा त्याला जोडल्या. महाविकास आघाडी सरकारने ते मंडळ गुंडाळलं आणि ४८८ आदर्श शाळा जाहीर केल्या. पुढं महायुती आली, पीएम श्री आली आणि 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' स्पर्धा आली. त्यात राज्यातल्या पहिल्या शाळेला ५१ लाख आणि तालुक्यातल्या पहिल्या तिघींना ३, २ आणि १ लाख. बक्षीस त्यालाच, ज्याचं अंगण आधीच सारवलेलं.

नवोदयचंही तसंच. शिक्षण उत्तम, राहणं-खाणं फुकट, निदान ७५ टक्के जागा ग्रामीण पोरांना. पण सहावीला जागा ८०, त्याही अख्ख्या जिल्ह्याला. ज्याचा नंबर लागला त्याचं सोनं होतं. ज्यांचा नाही लागला, ती हजारो पोरं गावच्या शाळेतच असतात.

सरकार बदललं की योजनेचं नाव बदलतं, फलक बदलतो. सर्वसाधारण शाळेचं अनुदान मात्र कुणाच्या जाहीरनाम्यात येत नाही. १० हजारांची फीत कोण कापणार?

सरकारची बाजूही ऐकून घेऊ

प्रशासनाचं म्हणणं अगदीच खोटं नाही. २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने २० पेक्षा कमी पटाच्या शाळांची संख्या दिली होती. १४,७८३ शाळा, त्यात १ लाख ८५ हजार ४६७ पोरं आणि २९,७०७ शिक्षक. म्हणजे सहा पोरांमागे एक शिक्षक. एवढा पगार जाऊनही पोरांना खेळायला जोडीदार नाही, वर्गात चढाओढ नाही. म्हणून अशा शाळा एकत्र करून समूह शाळा करायच्या असा विचार पुढं आला. पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ ही उदाहरणं समोर ठेवली.

चांगली मोठी शाळा, विषयाला शिक्षक, जायला-यायला गाडी, हे सगळं खरंच मिळालं तर कुठला बाप नको म्हणेल? प्रश्न गाडीचाच आहे. समग्र शिक्षामध्ये प्रवास भत्ता एका पोरामागे वर्षाला जास्तीत जास्त ६ हजार. शाळा २२० दिवस धरली तर दिवसाला २७ रुपये. जाऊन-येऊन. वडाप जीपवाला एवढ्यात रोज येतो का, हे ज्याचं त्याला माहीत. मुलींना पाचवी ते बारावी एसटी पास मोफत आहे, पण पहिलीच्या पोरीला तो लागू नाही आणि वाडीवर एसटी फिरकत नाही.

शिक्षण हक्क कायदा सांगतो की पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत पाहिजे. ६० पोरांपर्यंत पहिली ते पाचवीला दोन शिक्षक पाहिजेत. तरी १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयाने लहान शाळांच्या पदांना कात्री लावली. शिक्षक कमी झाला की पालक पोरगं काढून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत टाकतो. पट अजून घटतो. मग शासन म्हणतं, पट नाही. आधी खत-पाणी तोडायचं आणि मग पीक आलं नाही म्हणून रान पडीक दाखवायचं, असा हा प्रकार.

पैशाबरोबर अटीही येतात

पीएम श्रीमध्ये जायचं तर राज्याला केंद्राशी करार करावा लागतो आणि नवीन शैक्षणिक धोरण राबवायचं मान्य करावं लागतं. तामिळनाडूने सही केली नाही. त्यांचा २०२४-२५ चा समग्र शिक्षाचा २,१०० कोटींहून जास्त निधी अडला आणि ते राज्य सर्वोच्च न्यायालयात गेलं. मोजक्या शाळांच्या योजनेवरून वाद आणि पैसा अडला सगळ्या शाळांचा. आपल्या राज्याने सही केली, आपल्यावर ती वेळ आली नाही. पण केंद्राने एका योजनेची दोरी दुसऱ्या योजनेला बांधली तर काय होतं, ते यातून दिसलं.

दुसरं, पीएम श्रीची मुदत २०२६-२७ ला संपते. त्यानंतर बॅटरी बदलायची, संगणक दुरुस्त करायचा, वीजबिल भरायचं पटावरच्या ५० किंवा ७५ हजारांतून. म्हणजे आज हेडला बसलेली शाळाही उद्या टेलला येऊ शकते.

गावाने काय करायचं?

नुसतं नशिबाला बोल लावून उपयोग नाही. काही गोष्टी आपल्या हातात आहेत.

१) पटाचा दिवस सांभाळा. संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते आणि आधार वैध असलेलं पोरगंच त्यात धरतात. नावातली, जन्मतारखेतली चूक ऑगस्टमध्येच दुरुस्त करून घ्या. दोन-चार आधारांपायी शिक्षकाचं पद जाऊ शकतं. ऊसतोडीला जाणारी घरं दसऱ्यानंतर हलतात. तेव्हा पोरांसाठी हंगामी वसतिगृहाची मागणी त्याआधीच करून ठेवा.

२) यू-डायस बघा. प्रत्येक शाळेला ११ अंकी क्रमांक असतो. त्यावर शाळेत काय आहे, काय नाही याची नोंद असते. वापरात नसलेलं स्वच्छतागृह 'चालू' लिहिलेलं असेल, तर कागदावर तुमची शाळा चांगली आहे. मग निधी कशाला येईल?

३) शाळा व्यवस्थापन समिती जागी करा. कायद्याने तिच्यात ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला पाहिजेत. शाळा विकास आराखडा करायचा अधिकार तिचा आहे. कोऱ्या प्रोसिडिंगवर सह्या करू नका. आराखड्यात गळकं छत, रॅम्प, कुंपण लिहा, ठराव करा आणि एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं देऊन पोच घ्या.

४) ग्रामपंचायतीच्या 'आमचं गाव, आमचा विकास' आराखड्यात शाळेचं काम घाला. वर्गखोल्यांच्या दुरुस्तीला जिल्हा नियोजनातूनही पैसा येतो. तो मागायला सदस्य, सरपंच आणि आमदारांच्या मागं लागावं लागतं. रस्त्यासाठी लागतो, तसंच शाळेसाठी लागा.

मागणी साधी आहे. चांगली शाळा आणखी चांगली करा, ना नाही. पण सगळ्यात मोडकी शाळा आधी, असाही एक नियम कुठल्यातरी योजनेत असू द्या. ३० पटाच्या शाळेचे १० हजार वाढवून वीजबिल भरण्याइतके तरी करा. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मुख्याध्यापकांना तीन प्रश्न विचारा : यंदा किती अनुदान आलं, कधी आलं, कशावर गेलं? त्याचं उत्तर प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या. पुढच्या वर्षी जास्त मागायचं असेल, तर हाच कागद लागणार आहे.