डेटा खोटं बोलत नाही म्हणे!

आपल्या धंद्यात हे वाक्य ऐकलं की सगळे माना डोलावतात. मला ते साफ नामंजूर आहे. साक्षीला आणतो इंग्लंडमधल्या फिरत्या फौजदारी न्यायालयांची, म्हणजे 'असायझेस'ची दप्तरं.

प्रकार असा. न्यायाधीश साधारणपणे वर्षातून दोनदा ठरलेल्या मार्गाने गावोगावी फिरायचे आणि खून, दरोडा, घरफोडी असे गंभीर खटले भराभर निकालात काढायचे. मध्ययुगात सुरू झालेली ही पद्धत १९७१ च्या कायद्याने मोडीत काढली. उरलेली दप्तरं आज लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. नाव, धंदा, गाव, गुन्हा, मालाची किंमत, निकाल. एकदम तयार टेबल! टाका डेटाबेसमध्ये आणि काढा आलेख.

थांबा जरा. १४१३ च्या एका कायद्याने आरोपीचा धंदा आणि गाव लिहिणं सक्तीचं झालं. म्हणजे मँडेटरी फील्ड! अशा फील्डचं लोक काय करतात ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. कारकुनांनीही तेच केलं. धंदा? 'मजूर'. गाव? गुन्हा घडला तेच. जे. एस. कॉकबर्न या इतिहासकाराने इतर कागदांशी ताडून पाहिलं, तेव्हा यातले कित्येक 'मजूर' भलताच धंदा करणारे आणि भलत्याच गावचे निघाले. लग्न झालेल्या बायकांच्या नावापुढेही कधीकधी 'स्पिन्स्टर' लिहिलेलं असे. आता यावरून कुणी 'गुन्हे मजूरच करत' असा निष्कर्ष काढला, तर तो कारकुनाचा आळस मोजतोय, दुसरं काही नाही.

मालाच्या किमतीचं तर विचारूच नका. १२ पेन्सच्या वरची चोरी म्हणजे कायद्याने मरणाची शिक्षा. म्हणून दया आली की ज्युरी चांगला महाग ऐवजही १० पेन्सचा ठरवून मोकळी व्हायची. त्या आकड्यांची सरासरी काढून तुम्हाला भाव कळणार नाहीत. कळलीच तर माणुसकी कळेल.

आणि निकाल? नावावर 'सस' अशी तीन अक्षरं. 'फाशी द्यावी' या अर्थाच्या लॅटिन शब्दाचं हे लघुरूप. पण शिक्षा झालेल्यांपैकी अनेकांना नंतर माफी मिळाली, आणि ती नोंद बऱ्याचदा दुसऱ्याच कागदावर. एकच टेबल वाचणाऱ्याने जिवंत माणसं फासावर चढवली की हो!

शिवाय सगळी दप्तरं टिकलेलीही नाहीत. लंडनभोवतालच्या होम सर्किटची आरोपपत्रं १५५९ पासून सापडतात, पण मिडलंड सर्किटची जुनी दप्तरं जवळपास गेलीच. गुन्हे कमी झाले की कागद गहाळ झाले, हे आलेख सांगत नाही.

'मग काय, फेकून द्यायची ही दप्तरं?' मुळीच नाही! कारकून, ज्युरी आणि कायदा कसे वागत होते याची इतकी चांगली साक्ष दुसरीकडे मिळणं कठीण. माझा राग कागदांवर नाही, ते 'क्लीन' करणाऱ्या आपल्यासारख्यांवर आहे. 'उर्फ' लावलेली दोन नावं दिसली की एक उडवायचं, विसंगती दिसली की सारखी करायची. ही सफाई नव्हे, पुरावा नष्ट करणं आहे. मूळ पानाचा फोटो ठेवा, विसंगती तशीच राहू द्या, आणि प्रत्येक रकान्यासोबत तो कुणी, कशासाठी भरला हे लिहा. तेवढं करायचा कंटाळा येत असेल, तर कृपा करून आलेखही काढू नका.