वाकडं तेच ठेवायचं!

हेझलनट म्हटलं की तुमच्या-आमच्या डोळ्यांसमोर काय येतं? ऑफिसखालच्या कॉफी शॉपमधलं सिरप! बस्स. झाडाला कडक थंडी लागते, त्यामुळे पुण्या-मुंबईत ते दिसायचा प्रश्नच नाही. माझाही त्याच्याशी काही संबंध नव्हता, फेब्रुवारीत ब्रिस्टलला मावसबहिणीकडे जाईपर्यंत.

ताईनं गेल्या जूनमध्ये तिथे घर घेतलं. आधीच्या मालकीणबाई म्हणजे एक गोड आजी. किल्ली देताना त्यांनी एवढंच सांगितलं, मागचं हेझल जप, आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला लावलंय. ताईनं बघितलं तर निम्म्या झाडाची पानं चुरगळलेली, फांद्या पीळ घातल्यासारख्या वेड्यावाकड्या. उरलेलं निम्मं सरळसोट, एकदम टवटवीत! ताईचं माहेर जळगावचं, घरची शेती. निदान तयार... मिरचीवर पडतो तसा बोकड्या! तिनं 'रोगट' फांद्या छाटल्या. अगदी मनापासून, झाड वाचवायला.

मी पोचले तेव्हा शेजारचे काका कुंपणापलीकडून हळहळत होते. वाकड्या फांद्या हेच तर ते झाड!

ही हेझलची 'कॉन्टोर्टा' जात. १८६३ च्या सुमाराला तिथून जवळच, ग्लुस्टरशरमध्ये, एका कुंपणात ती सापडली. सर हॅरी लॉडर हे स्कॉटिश गायक-विनोदवीर (१८७०-१९५०) असलीच वाकडी काठी घेऊन स्टेजवर यायचे, म्हणून तिला त्यांच्या काठीचंही नाव पडलं. बहुतेकदा तिचं साध्या हेझलच्या खुंटावर कलम करतात, आपल्या हापूससारखंच. घोळ इथेच होतो. खुंटाला खालून सरळ फुटवे येतात, ते भराभर वाढतात आणि हळूबाई कलमाला दाबून टाकतात. पानांवरून ओळखायला जाल तर फसाल. दोन्हीकडची पानं गोलसर, लवदार, दुहेरी दात्यांची. कॉन्टोर्टाची फक्त चुरगळतात, आणि ताईसारखी हुशार मंडळी औषध शोधतात! खरी ओळख हिवाळ्यात पटते. पानं गळून पीळ उघडा पडतो, त्यावर पिवळे लोंबते झुलतात, ते मात्र सरळ! मादीफूल म्हणजे कळीच्या टोकाला लाल धाग्यांचा इवलासा झुपका. नाक लावलं तेव्हा दिसलं मला.

वाकडी फांदी एकच उरली होती, गुडघ्याएवढी. काकांनी सांगितलं, फुटवे वरून कापू नका, पुन्हा फुटतात. म्हणून माती उकरून मुळाशी जिथून निघालेत तिथूनच ओरबाडून काढले. दोन तास! माझ्या हाताला फोड, ताईच्या डोळ्यांत पाणी.

नंतर तिचा फोटो आला. वाकड्या फांदीला चार चुरगळलेली पानं. खाली दोन सरळ फुटवे, परत! आजी मे महिन्यात चहाला येणार आहेत. ताईनं त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.